खंडेनवमीला आजी कारखान्यात आली

आजीच्या बोटांचा रंग कधी गेला नाही. मेथीच्या जुड्या बांधून बांधून बोटांच्या टोकांना काळपट हिरवा डाग बसला होता. कुणाच्या लग्नाला जायचं असलं की ती चिंचेनं हात घासायची, तरी तो तसाच राहायचा. सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, सातपूरजवळच्या आमच्या घरात मी उठायचे तेव्हा ती ओसरीत एक पाय लांब करून बसलेली असायची. समोर ओल्या गोणपाटावर भाजीचा ढीग, मांडीजवळ केळीच्या सोपटाच्या दोऱ्या. मी तोंड धुऊन येईपर्यंत तिचा भारा बांधून व्हायचा आणि ती टेम्पोत बसून नाशिकच्या बाजाराला निघायची. दुपारी परत आली की भाकरी खाऊन पुन्हा वाफ्यात. तिला नुसतं बसलेलं मी फक्त ताप आल्यावर पाहिलं, आणि तेव्हाही ती गादीवर बसून लसूण सोलत होती.

आमचं शेत पूर्वी मोठं होतं. आजोबा लवकर गेले. वडील तेव्हा शाळेत जात होते. आजीनं एकटीनं शेत सांभाळलं. भेंडी, वांगी, कोबी, सगळं तिनं पिकवलं. पुढं कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या, त्यात आमचीही गेली. नाल्याकडचा एक तुकडा तेवढा राहिला. गेलेल्या जमिनीवर एक कंपनी उभी राहिली, आणि काही वर्षांनी माझे वडील त्याच कंपनीत लेथ मशीनवर कामाला लागले.

आजीनं त्यांना अडवलं नाही. घरात पगार यायला हवा हे तिला कळत होतं. पण कंपनी हा विषय तिनं कधी काढला नाही. वडिलांची पहिली पाळी असो की रात्रपाळी, त्यांचा डबा वेळेवर तयार असायचा. तू तिथं काय करतोस, हे मात्र तिनं एकदाही विचारलं नाही. वडीलही तेलकट कपडे मोरीवर बदलून मगच घरात यायचे. बसमधून शहरात जाताना कंपनीची भिंत लागली की आजी पदर सारखा करायच्या निमित्तानं मान वळवायची. मी एकदा म्हटलं, "आजी, ती बघ बाबांची कंपनी." तर म्हणाली, "तू तुझं तिकीट सांभाळ."

मी सातवीत असताना कंपनी काही महिने बंद पडली. कामगार आणि मालक यांच्यात काहीतरी बिनसलं होतं. वडील घरी बसले. आजीनं त्यांच्या हातात खुरपं दिलं आणि नाल्याकडचा तो तुकडा पार बांधापर्यंत लावून काढला. त्या दिवसांत आम्ही जेवलो ते तिच्या मेथीवर आणि कोथिंबिरीवर. आई आणि मीसुद्धा जुड्या बांधायला बसायचो. माझी जुडी सैल झाली की आजी ती सोडून परत माझ्यापुढं ठेवायची. रागवायची मात्र नाही.

वडील मन लावून काम करायचे, पण दिवसेंदिवस गप्प होत गेले. एकदा आम्ही सगळे वाफ्यात होतो. वडिलांच्या हातात खुरप्याची निघालेली मूठ होती. ती ते अंगठ्यानं चाचपत होते, डोळ्यांसमोर धरून फिरवत होते, पुन्हा चाचपत होते. आजी बराच वेळ बघत राहिली.

"काय बघतोस रे त्यात?"

"एका बाजूनं चढ आहे, आई. मशीनवर एका फेरीत निघाला असता."

आजीनं मेथी उपटायची थांबवली. "तुला आठवण येती व्हय त्या मशीनची?"

वडील मूठ बसवायला दगड शोधू लागले. आजी हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तू पोटासाठी जातोस."

पुढं कंपनी सुरू झाली. दसरा जवळ आला. खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे. दरवर्षी आई आणि मी जायचो. आजी जायची नाही आणि तिला कुणी विचारायचंही नाही. त्या वर्षी आदल्या दिवशी तिनं झेंडूचे हार गुंफले. त्यात एक चांगला जाडजूड होता. वडिलांनी विचारलं, "हा कुणाला?"

"तुझ्या मशीनला. मी येनार हाय उद्या."

वडील बाहेर जाऊन उगाच सायकल पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आजी ठेवणीतलं निळं लुगडं नेसून आली. गेटपाशी ती थबकली. वहाणा काढाव्यात की नाही ते तिला कळेना. वडील म्हणाले, "राहू दे, आत पत्र्याचे तुकडे असतात," तरी तिनं काढल्याच आणि हातात घेतल्या. आत मोठी शेड होती. सगळी यंत्रं बंद, पुसून लख्ख केलेली, आंब्याच्या डहाळ्या आणि झेंडू लावलेली. आजी इकडंतिकडं बघत हळूहळू चालत होती. मधेच उभी राहून तिनं विचारलं, "हीर कुटं आली असंल रे?"

वडिलांना आठवावं लागलं नाही. "विहीर समोरच्या स्टोअरखाली गेली. बोरीचं झाड होतं तिथं आता सायकल स्टँड आहे. आपण भेंडी लावायचो ते सगळं या शेडमध्ये आलं. बांध त्या खांबापर्यंत होता."

"तुला समदं ध्यानात हाय?"

"रोज तिथूनच जातो, आई."

आजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि हिरव्या डागांचा आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते शेत तिच्या एकटीच्याच मनात उरलंय. त्या दोघांना तसं उभं पाहून आईनं मला बाजूला ओढलं.

मग वडिलांचं मशीन आलं. आईनं त्याला हळदकुंकू लावलं. आजीनं हार घातला आणि पोळ्याला बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवला. वडिलांनी स्वतः कातलेला एक लोखंडी गोल तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. ती तो जोखत म्हणाली, "कशाला लागतं हे?"

"गाडीच्या चाकात बसतं."

"भाजीच्या टेम्पोला बी?"

"त्यालाही."

"मंग नीट करत जा," आजी म्हणाली. "आमी बसतो त्याच्यात."

त्यानंतर आठवड्याभरात आजीनं बाजाराला जाणं बंद केलं आणि संध्याकाळी पाळी सुटायच्या वेळेला कंपनीच्या गेटसमोर भाजी घेऊन बसायला लागली. आम्हाला आधी खरंच वाटेना. पण घरी जाणाऱ्या कामगारांना ताजी भाजी हवीच असायची. ते सायकलला जुड्या अडकवून जायचे. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाची सून माहेरी गेली, हे तिला कंपनीतल्या साहेबांपेक्षा आधी कळायचं. बाळंतिणीच्या घरी ती शेपूची जुडी पैसे न घेता पाठवायची. वडील बाहेर आले की तिची रिकामी पाटी सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालत घरी यायचे. इतकी वर्षं न झालेलं बोलणं त्या रस्त्यावर होत असावं. घरात शिरताना दोघंही कशावरून तरी वाद घालत असायचे, आणि ते ऐकायला आम्हाला बरं वाटायचं.

ऐंशीचं दशक सरताना, थंडीत, दोनतीन दिवसांच्या आजारपणात ती घरीच गेली. पहिल्या पाळीची माणसं निळ्या कपड्यांतच आमच्या दारात आली. त्यांतल्या एका नव्या मुलानं वडिलांना हळू आवाजात विचारलं, "आजी कोणत्या खात्यात होत्या?" वडिलांनी त्याला आत बोलावलं आणि शेजारून आलेला चहा दिला.