म्हातारीची चौकशी
जुना कॉम्प्युटर तापला की धुळीचा करपट वास येतो आणि मला अड्यारच्या घरातली, लग्नानंतरची एक दुपार आठवते. पंखा गरम हवाच फिरवत होता. शाळेत असताना पुण्यात कॉम्प्युटरवरच्या ज्या रोल-प्लेइंग गेमची मी पारायणं केली, तो बायकोला दाखवत होतो. ती तंजावरी मराठी घरातली, गेम कधीच न खेळलेली. म्हटलं, आता कळेल, हा खेळ खरंच चांगला आहे की मला नुसतं माझं बालपण गोड लागतंय. पडद्यावरचे जाडेभरडे चौकोनी चेहरे पाहून ती आधी हसली. मग तिने खेळातल्या गावच्या आजारी म्हातारीला औषध नेऊन दिलं आणि बक्षीस म्हणून तलवार मिळवली. "आता डोंगराकडे चल, राक्षस तिथे आहे," मी म्हणालो. "अय्यो, औषध देऊन तसंच जायचं? बरं वाटतंय का, विचारायला नको?" म्हणत ती माघारी वळली. तिथे आता काही नसतं, हे मी सांगेपर्यंत तिने दार उघडलंसुद्धा. म्हातारी चुलीपाशी उभी होती. पडद्यावर तिचे शब्द उमटले, "तलवार मिळाल्यावर परत कुणी येत नाही. बस, जेवून जा." ते वाक्य मी पहिल्यांदाच वाचत होतो. जुने गेम खरंच चांगले होते का, असं आज कुणी विचारलं, तर मी बायकोकडे बोट दाखवतो. तो गेम खेळली ती; मी नुसता जिंकत आलो होतो.