झरीची कळलावी आणि नेरची रताळी

गच्चीवर कळलावी लावायची, हे मी श्रावणातच ठरवलं. रेखानं तिच्या कुंपणाचा फोटो पाठवला होता: बुडाशी पिवळ्या, शेंड्याला लालभडक, नागमोडी काठाच्या पाकळ्या. रेखा माझी कॉलेजातली मैत्रीण. झरी जामणी तालुक्यात शाळेवर शिकवते. "आत्ता नको येऊ," ती म्हणाली. "दिवाळीनंतर वेल वाळतो, कंद झोपी जातो. तेव्हा काढू."

म्हणून महाशिवरात्रीच्या दोन दिवस आधी अमरावतीहून निघाले. यवतमाळपर्यंत एसटी भरपूर, बायकांना अर्धं तिकीट. पुढे पांढरकवडा; तिथं तर्रीपोहे खाऊनच निघा, कारण झरीकडे गाड्या कमी आणि वाटेत खायला फारसं काही मिळत नाही. सागाची पानं गळून रान उघडं झालेलं, मधूनच पळस फुललेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेखानं हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून कुंपणाजवळ उकरलं. बोटाएवढे जाड, कोनात वाकलेले तपकिरी कंद निघाले.

"टोकाला हा डोळा आहे ना, तो मोडला की कोंब येत नाही," ती सांगत होती. "मोठी कुंडी घे, मातीत वाळू मिसळ. कंद आडवा ठेव, वर चार बोटं माती. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानं, नाहीतर सडतो. पानाचं टोकच आधाराला विळखा घालतं, म्हणून काड्या आधीच रोव."

शेवटी तिनं हातावरची पिशवी सोडून बाजूला टाकली. "आणि हे जहर आहे. लोकांनी रताळं समजून खाल्लंय आणि जीव गेलेत."

चार कंद कागदात बांधून मी कापडी थैलीत ठेवले. परतीत नेरला मामांकडे मुक्काम होता. बसस्थानकाबाहेर उपासाची रताळी दिसली, मामींसाठी घेतली. टाकली त्याच थैलीत.

सकाळी अंघोळ करून आले, तर मामा बशीतलं उकडलेलं रताळं खात होते. ओट्यावर माझी थैली रिकामी, कागद उलगडलेला.

"मामा, थुंका ते!"

"काहून वं? काय झालं?" मामी धावत आल्या.

"त्या कागदातले कंद कुठं आहेत?"

"ते वाकडेतिकडे? मले सोलाची कटकट वाटली, म्या बाजूले ठेवले."

मोरीच्या कडेला कंद होते. तीनच. चौथा कुठं गेला, हे मामींना आठवेना. कुकरात सालं काढलेल्या फोडी. त्यातून काय ओळखणार? मामा बशीकडे बघत म्हणाले, "मी तं दोनच फोडी खाल्ल्या."

शेजारचे सलीमभाई गॅरेज उघडत होते. माझा आवाज ऐकून त्यांनी ऑटो दारातच आणला. "मामाजी, पयले बसा. बाकी मंग पाहू."

दवाखान्यात डॉक्टरांनी कंद दाखवायला सांगितला. मी कंद परत थैलीत टाकून ती तशीच उचलून आणली होती. उरलेले तिन्ही बाहेर काढून ती उलटी करून झटकली, तर तळाच्या दुमडीतून चौथा टपकन खाली पडला. कागदातून आधीच निसटलेला, अख्खा, मातीसकट.

मला रडूच आलं. डॉक्टरांनी तरीही मामांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मामा सलीमभाईंना म्हणाले, "उपासाले फराळ नाई, अन् पोरीनं दवाखान्याची वारी घडवली!" सलीमभाई इतके हसले, की नर्स ओरडली. घरी गेल्यावर कुकरातलं सगळं मी खड्ड्यात पुरलं, भांडी दोनदा घासली. मामींनी कांदा ठेवतात तशा वेगळ्या टोपलीत माझे कंद ठेवून, वर झाकण घालून, त्यावर पाटा चढवला.

तुम्हीही कळलावी लावणार असाल, तर जरूर लावा. पण कंद खाण्याच्या वस्तूंपासून वेगळे आणा, पुडक्यावर नाव लिहा, आणि लेकरं-जनावरं पोचतील तिथं वेल नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अमरावतीला पोचले. चपला काढायच्या आधी नेरला फोन लावला.

"कसे आहेत मामा?"

"कसे राहातीन?" मामी म्हणाल्या. "जेवले, अन् भाजीत मीठ कमी हाय म्हणून भांडून राह्यले."

फोन ठेवला आणि कितीतरी वेळ उंबऱ्यावरच बसून राहिले. झरीचं रान, ती फुलं, सगळं आवडलं होतं. पण त्या भाजीतल्या कमी मिठाइतकी चांगली बातमी मी त्या प्रवासात दुसरी ऐकली नाही.