दव लागलेली सुकेळी

डबा उघडला आणि ग्लासगोच्या या कोंदट स्वयंपाकघरात आमची राजोडीची वाडी शिरली. सुकल्या केळीच्या पानांचा वास, त्याखाली मधासारखा दाट गोडवा, आणि त्याच्याही खाली आणखी काहीतरी, जे मला लगेच ओळखू आलं नाही. शेजारच्या काकूंची मुलगी परवाच वसईहून आली. तिच्याबरोबर आईनं सुकेळी धाडली होती. राजेळी केळी सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवून केलेला हा आमच्याकडचा मेवा. जेवणानंतर तुपात परतून खायचा, तोही मोजून, कारण बाहेर तो सोन्याच्या भावानं जातो. इथले लोक त्याला नुसतं ड्रायफ्रूट समजतात, समजोत बापडे. मी तुपाचीही वाट पाहिली नाही. एक सुकेळं तसंच तोंडात टाकलं आणि थबकले. आंबूस होतं.

तुम्ही म्हणाल, एवढंसं आंबूस, त्याचं काय मोठंसं? पण आमच्या घरी सुकेळं आंबलं, तर त्याला दव लागलं एवढाच त्याचा अर्थ. दिवसभर वाळवणाच्या मांडवावर पसरलेली केळी सूर्य बुडायच्या आत उचलून, पानांत गुंडाळून घरात घ्यायची असतात. आई या बाबतीत फार कडक. माझ्या लग्नात व्याह्यांची पंगत अर्धी टाकून ती वाडीत पळाली होती. त्यावरून आम्ही तिला अजून छळतो. बाबा गेले आणि त्यांना खांद्यावर घेऊन माणसं अंगणातून निघाली, तेव्हासुद्धा रडता रडता ती काकूंना म्हणाली, "तेवढी सुकेळी उचला गं, दव पडंल." त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. आता वाटतं, उभं राहायला तिला तेवढाच एक आधार उरला होता. अशा बाईच्या सुकेळ्यांना दव लागावं, हे काही मला गिळवेना.

मी तिला व्हिडिओ कॉल लावला. इथं दुपार होती. दादा-वहिनी मुंबईहून परतायचे होते, घरात ती एकटीच. तिचा चेहरा प्रसन्न होता, केस नीट विंचरलेले.

"आंबूस? माज्या हातची?" ती हसली. "तुजंच तोंड बिघडलं त्या थंडीत."

"आणि आजची उचललीस?"

"उचलीन की. घाई कसली? अजून ऊन हाय."

तिच्या मागची खिडकी काळीकुट्ट होती. पडवीतल्या दिव्याच्या उजेडात मांडवाची कड दिसत होती आणि तिच्यावर ओळीनं पसरलेली केळी. ती मात्र निवांत होती. कुठल्या तरी जुन्या दिवसाचं ऊन तिला दिसत होतं, आणि ते आजच्या आमच्या अंगणात नव्हतं.

मग दादाला फोन केला. तो म्हणाला, "तुला चवीवरून कळलं. आम्ही रोज बघतो, तरी एकमेकांशी बोललो नाही."

मला भीती वाटते. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं आहे. आई मला ओळखेल, याबद्दल शंका नाही. दारात उभ्या असलेल्या मला ती कितव्या वर्षाची समजेल, एवढंच आता सांगता येत नाही.