भिंतीपलीकडच्या चपला

इंदूरच्या मल्हारगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोह्यांचं दुकान होतं आणि लोडकाका तिथे रोज स्कूटरवरून जायचे. ती बाहेर काढायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात एखादा माणूस पोहे खाऊन घरी परतला असता. त्यांचं खरं नाव वेगळं होतं; पण बैठकीत लोडाला टेकून बसले की काका कुठे संपतात आणि लोड कुठे सुरू होतो ते कळायचं नाही, म्हणून गल्लीने हे नाव दिलेलं. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाब, पाय देवाने किक मारायला दिलेत."

मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. लॉकडाऊन लागला, घराबाहेर पडू नका असं सांगत पोलिसांच्या गाड्या फिरू लागल्या, आणि त्याच सकाळी काकांना आयुष्यात पहिल्यांदा चालावंसं वाटलं. "इतकं रोकतायत म्हणजे त्यात काहीतरी फायदा असणार, भिया," ते मला म्हणाले. पँट, पट्टा, मोजे, मास्क असा सगळा जामानिमा करून "जाऊन येतो गं" म्हणत ते गच्चीवर निघाले. सुमनकाकूंनी सवयीने सांगितलं, "येताना कोथिंबीर आणा."

हा उत्साह फार टिकला नाही. "तीच टाकी, तीच भिंत. आदमी जाणार कुठे?" असं म्हणून काका पुन्हा लोडाला चिकटले. शुगर चढली, पाय सुजले. बाहेर दवाखान्यांची ती अवस्था. काकू रडकुंडीला आल्या.

गच्चीवरच्या त्या भिंतीपलीकडे काकांचे थोरले भाऊ नाना एकटेच राहायचे. काकांच्या टाकीची सावली नानांच्या पापडांवर पडते, यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. नानांनी तावातावाने मध्ये उंच भिंत घातली. भिंतीची सावली टाकीच्या सावलीहून मोठी निघाली, पण तोवर अबोला पक्का झाला होता.

एका संध्याकाळी काकूंनी काकांना बळेच वर पिटाळलं. मी तिथेच होतो. पलीकडून फटक फटक चपलांचा आवाज आला. काका थबकले.

"हा चालतोय? या उमरीत? ह्याचे गुडघे तर कधीच गेलेत!"

आणि काका चालू लागले. ते जोरात निघाले की पलीकडच्या चपलाही जोर धरत. मग हे रोजचंच झालं. काका घामाघूम होऊन धापा टाकायचे, "दौडतोय बघ कसा! उद्या पछाडतो त्याला." सूज उतरली, शुगर खाली आली. लोडाला तर काही दिवसांनी लोडाचा आकार आला.

मग एक दिवस पलीकडून आवाजच आला नाही. काका उगाच खाकरले. मी हाक मारली. उत्तर नाही. रस्त्यावरून एक अँब्युलन्स ओरडत गेली आणि काकांचा चेहरा पांढरा पडला. "नाना! ए नाना!" इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून ते नाव निघालं. मी टाकीची शिडी भिंतीला लावून धरली आणि ते सरसर वर चढले. वर पोचले आणि पलीकडे बघतच राहिले. घाबरून मी टाकीच्या कट्ट्यावर चढून पाहिलं.

नाना आरामखुर्चीत घोरत होते. पाय स्टुलावर, दोन्ही हातांत चपला, मांडीवर पत्र्याचा डबा.

काका ओरडले तसे नाना दचकले आणि चपला पाठीमागे लपवू लागले.

"तू चालतच नव्हतास?"

"मला कुठलं चालता येतंय! सुमन फोनवर रडली. तू ऐकतोस का कुणाचं? मी पुढे जातोय म्हटल्यावर मात्र तू बसला नसतास."

"मग आज का थांबलास?"

"हात दुखले रे."

काका भिंतीवर बसून हसले, मग रडले, आणि पलीकडे उतरले. दुसऱ्या दिवसापासून नाना उघडपणे डबा वाजवू लागले. "सुस्तावलास! तेज!" असा पुकाराही करायचे. लॉकडाऊन उठला, पोह्यांचं दुकान उघडलं, तरी हे चालूच राहिलं.

पुढे नोकरीसाठी मी इंदूर सोडलं. गेल्या हिवाळ्यात नाना गेल्याचं कळलं, म्हणून फोन केला. काय बोलावं ते न सुचून विचारलं, "चालता ना काका?"

"चालतो. आता सुमन वाजवते डबा. पण ती मला जिंकू देते रे."