हद्दीतली सोयरीक

माझ्या बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे नियम पाळले. स्वतःचा म्हणावा असा त्यांचा एकच नियम होता, आणि त्या एका नियमानं माझ्या ताईचं वाटोळं केलं. पोरगी द्यायची ती यवतमाळ लोकसभा मतदारसंघाच्या आत, हा तो नियम. लोक सोयरीक जुळवताना शेती पाहतात, नोकरी पाहतात, पोरगा पितो का ते चोरून विचारतात. आमचे बाबा मतदारसंघ पाहायचे. हसायचं तर हसा, आमची गल्ली हसून हसून थकली.

बाबा जीप चालवायचे. जीप त्यांची नव्हती, भोंगेवाल्या चाचांची होती. चाचांचं यवतमाळात गॅरेज होतं, लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा धंदा होता, आणि दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एरवी ती जीप लग्नाची वऱ्हाडं वाहायची. लोकसभेची निवडणूक लागली की तिच्या टपावर दोन भोंगे चढायचे आणि बाबा एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात माइक धरून गावोगाव फिरायचे. ज्याची सुपारी त्याचा भोंगा, पक्षाबिक्षाचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. 'माता-भगिनींनो' म्हणताना त्यांचा आवाज असा लागायचा की बाया तव्यावरची भाकर तशीच टाकून दारात येत. घरी मात्र हाच माणूस दूध पातळ आहे एवढं दूधवाल्याला सांगायलाही आईला पुढे करायचा.

भूगोलाच्या पुस्तकात जिल्हा असतो, बाबांच्या डोक्यात मतदारसंघ होता. कोणत्या गावच्या हापशीला पाणी आहे, कोणत्या तांड्यावर जीप थांबवली की म्हातारा नायक खाट टाकतो, पांढरकवड्याला हायवेवरच्या कोणत्या ढाब्यावर ट्रकवाले जेवतात, हे सगळं त्यांना पाठ. निवडून कोणीही येवो, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून तो बाबांच्या तोंडी 'आपला माणूस' व्हायचा. आम्ही चिडवायचो की आपला माणूस आपल्याला ओळखतो का? बाबा म्हणत, वयख नसली तरी हक्क असते.

या नियमाचं मूळ एका जुन्या प्रसंगात होतं. आम्हा बहिणींच्या जन्माआधी राळेगावकडच्या एका खेड्यात सासरच्यांनी सून कोंडून ठेवली होती. तिच्या बापानं खासदाराच्या गाडीला आडवं होऊन ती थांबवली. त्या दिवशी ती गाडी बाबा चालवत होते. खासदार उतरले आणि त्या घरासमोर नुसते उभे राहिले. काही बोललेसुद्धा नाहीत, तरी पोरगी पेटीसकट बाहेर आली. हे बाबांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं, की आम्ही त्यांच्याआधी शेवट म्हणून दाखवायचो. शेवट ठरलेला होता. "बापाचं कोणी आयकत नाही बाप्पा. आपला माणूस पाह्यजे, अन् तो सासर-माहेर दोन्हीकडचा पाह्यजे."

ताईला पहिलं स्थळ हिंगणघाटचं आलं. मुलगा शिक्षक होता, सावळा, जरा बुजरा. बघण्याचा कार्यक्रम आटोपून मंडळी गेली आणि तो छत्री विसरली म्हणून परत आला. छत्री त्याच्या काखेतच होती. ताई अशी हसली की आईनं डोळे वटारले, मग आईही हसली. पुढचे दोन-तीन दिवस ताई भांडी घासताना गुणगुणत होती. घरात फार बरं वाटत होतं.

बाबांनी नकार कळवला. कारण काय, तर हिंगणघाट वर्धा लोकसभेत येतं.

आई त्यांच्याशी भांडली. चाचा खास घरी आले आणि म्हणाले, "अबे, पोरगी तू पोराले देऊन राह्यला का खासदाराले?" बाबा खाली मान घालून ऐकत राहिले आणि हलले नाहीत. भित्रा माणूस एखाद्या गोष्टीवर अडला ना, की त्याला हलवणं शूराला हलवण्यापेक्षा अवघड असतं. ताईनं एकदाच विचारलं, "काहून नाही बाबा?" बाबा म्हणाले, "तुह्याच साठी." तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग पांढरकवड्याचं स्थळ आलं. हायवेला टायरचं दुकान, पक्कं घर, आणि मतदारसंघ आपला. लग्न झालं. पाठोपाठ निवडणूक आली, दोन हजार चारची. बाबांनी जीप ताईच्या गल्लीत नेली आणि तिच्या दारासमोर ती मुद्दाम इतकी सावकाश केली की मागची सायकल येऊन धडकली. ताई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. त्या दिवशी बाबांच्या आवाजाला जी धार होती ती चाचा पुढे कित्येक वर्षं सांगायचे.

ती त्या मतदारसंघाची शेवटची निवडणूक होती, हे तेव्हा आम्हाला कुठं ठाऊक? सीमा नव्यानं आखल्या गेल्या. यवतमाळला वाशिम जोडलं गेलं, नावही यवतमाळ-वाशिम झालं, आणि वणी-आर्णीचा पट्टा पांढरकवड्यासकट चंद्रपुराकडे गेला. कागदावर बरोबरच असेल, लोकसंख्येचा हिशेब असतो म्हणतात. बाबांनी ती बातमी गॅरेजमध्ये पेपरात वाचली आणि घरी येऊन जेवले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाले, "पोरगी बिनकामाची हद्दीबाहेर गेली." आई म्हणाली, पोरगी आहे तिथंच आहे. पण बाबांच्या डोक्यातला नकाशा फाटला होता. पुढच्या निवडणुकीत पांढरकवड्याच्या वाटेवरच्या एका पुलाशी सोबतच्या कार्यकर्त्यानं हात दाखवला आणि जीप माघारी वळवायला सांगितली. पलीकडची गावं आता आपली नव्हती. चाचा सांगतात, बाबा पुलावर उतरून बराच वेळ लघवीचं निमित्त करून उभे होते.

त्यानंतरच्या पोळ्याला ताईचा फोन आला. जावई पीत होता हे आम्हाला उडत उडत कळलं होतं. मारतो, हे ताईनं तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. कडेवर लहान पोर होती, तिचं रडणं मागं ऐकू येत होतं. ताई एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी या."

बाबा म्हणाले, "येतो. आपल्या माणसाले घेऊनच येतो."

आणि ते आपला माणूस शोधायला निघाले. खासदाराच्या यवतमाळच्या कचेरीत त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सांगितलं की काका, पांढरकवडा आता आमच्याकडे येत नाही, चंद्रपूरला जा. बाबा एसटी बदलत बदलत चंद्रपूरला गेले. तिथंही कोणी वाईट बोललं नाही. अर्ज ठेवा, साहेब दिल्लीहून आले की पाहू, म्हणाले. बाबा पुन्हा गेले, पुन्हा परत आले. चाचा संतापून म्हणाले, "जीप उभी हाय, डिझल टाकलं हाय. चाल ना बे! बापाले काय चिठ्ठी लागते का?" बाबा म्हणाले, "सोयऱ्याच्या दारात रिकाम्या हातानं कसा उभा राहू?" मला त्या वेळी बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांना जेवायला वाढणं सोडलं होतं. आजही तो राग पुरता गेलेला नाही. गावंच्या गावं दणाणून सोडणारा हा माणूस, पण ते सगळे शब्द दुसऱ्याच्या नावाचे होते. स्वतःच्या नावानं काय बोलायचं, हे त्याला कधी कळलंच नाही.

पोळा गेला, दसरा गेला, दिवाळी आली. भाऊबीजेच्या सुमारास ताईचा फोन आला तेव्हा ती मला म्हणाली, जरा मोठ्यानं बोल वं, डाव्या कानानं आयकू येत नाही आता. मी फोन ठेवला, चाचांकडे गेले आणि त्यांना घेऊन आले. चाचांनी बाबांना दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. मीही मागं बसले.

आमच्याकडे एक रीत आहे. पोरीच्या भांडणासाठी सोयऱ्याच्या घरी गेलं की निकाल लागेपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही. चहा घेतला की भांडण मिटलं, असं दोन्ही बाजूंनी धरतात. मग वर बोलायची सोय राहत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

जावई खाटेवर बसला होता, दाढी केलेला, गरीब चेहऱ्याचा. या मामाजी, म्हणाला. त्याची आई बोलत होती, संसारात भांड्याला भांडं लागते जी. बाबा ऐकत होते. चाचा खाकरले, बाबांना कोपर लावलं. बाबांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "यंदा पाऊस बरा झाला इकडं." मग आतून ताई चहाचे कप घेऊन आली. किती वाळली होती! गालाचं हाड वर आलं होतं. ती बाबांच्या समोर ताट धरून उभी राहिली. चाचांनी कपाला हात लावला नाही. मी लावला नाही. बाबांनी एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा विहिणीकडे, आणि कप उचलला.

पूर्ण पिले. फुंकर मारून मारून पिले.

ताई ताट घेऊन आत गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. मी आत गेले तर ती चुलीकडे तोंड करून बसली होती. चाल ताई, मी म्हटलं. ती म्हणाली, "जा वं. उशीर होते."

त्यानंतर ती माहेरी आली ती लग्ना-मौतीला, एका दिवसापुरती. जावयाचं पिणं काही वर्षांनी यकृतानंच थांबवलं. आता तो दुकानात नुसता बसतो आणि दुकान ताई चालवते. पोर शिकते आहे. बाबांनी भोंग्याचं काम सोडलं. पुढं तर रिक्षात रेकॉर्ड वाजायला लागली, माणसाची गरजच उरली नाही.

गेल्या लोकसभेला पांढरकवड्याचं मतदान आमच्या आधीच्या टप्प्यात होतं. बाबा तेव्हा अंथरुणाला खिळले होते, आवाज पार बसला होता. ताई मतदान करून दुसऱ्या दिवशी भेटायला आली. तिच्या बोटावरची शाई बाबांना दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी काहीतरी विचारलं. ताईनं उजवा कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "आपल्या माणसाले देल्लं ना?" बाबा विचारत होते.

"हो बाबा," ताई म्हणाली, "आपल्याच माणसाले." आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

मग आम्ही दोघी मागच्या अंगणात जाऊन बसलो. मी चिडून म्हटलं, कायले बरं वाटू देतं त्यांना? एवढं सगळं झाल्यावर? तिनं मोरीजवळची बादली बाजूला सारली. म्हणाली, "त्या दिवशी जीप दारात लागली तशी पोरीले कपडे घालून ठेवले होते मी. पिशवी भरून दाराच्या मागं ठेवली होती. बाबायनं तो कप नुसता खाली ठेवला असता ना, एक शब्द बोलले नसते तरी चाललं असतं, मी अनवाणी येऊन जीपमधी बसली असती."