वाटीवाल्या काकू

काकूंच्या घरातला साखरेचा डबा रिकामा झालेला मी कधी पाहिला नाही. तरीही साखर मागायला त्या कुणाच्या ना कुणाच्या दारात उभ्या असायच्याच. हातात पितळेची लहानशी वाटी, पदर कमरेला खोचलेला, आणि उंबऱ्याबाहेरूनच हाक, "हायंत का घरात? जरा मेथ्या देता का चिमूटभर?" मेथ्या, हळद, काडेपेटी, दाभण, खलबत्ता, काहीही. येलदरीच्या वीजघराच्या कॉलनीत सगळे त्यांना वाटीवाल्या काकू म्हणत. त्यांचे यजमान वीजघरात फोरमन. पगार बरा, मुलगा एकच, घरात कशाची ददात नाही. म्हणूनच बायका नळावर हसायच्या. ही काकूंची सवय म्हणायची की खोड, ते कुणालाच ठरवता येत नव्हतं.

मी लग्न होऊन त्या कॉलनीत गेले तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव अजून व्हायचा होता. आमचे हे वीजघरात ऑपरेटर. क्वार्टर नंबर लागेल तशी मिळायची, त्यामुळे एका ओळीत नाना जातींची घरं होती, त्यात बौद्धांचं आमचं एकच. लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. दिवाळीला फराळाची ताटं यायची, संक्रांतीला तिळगूळ यायचा, कुणी एकदा न विचारता जुनं लुगडंही आणून दिलं. मी ताटं घासून रिकामी परत करायची. एकदा त्यात घरचे लाडू घालून दिले, तर त्या बाईंचा चेहरा इतका अवघडला की पुन्हा तसं केलं नाही. आम्हाला देणारे होते. आमच्याकडून घेणारं कुणी नव्हतं. हे मी बोलून दाखवत नसे, पण हात पुसता पुसता रोज आठवायचं.

काकू आमच्यानंतर आल्या. समोरच्याच क्वार्टरमध्ये. ट्रकमधून सामान अजून उतरत होतं आणि या बाई वाटी घेऊन माझ्या दारात.

"विरजण हाय का गं पोरी?"

मी गडबडले. "काकू, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आम्ही..."

"काय सांगायचं? तुमच्यात दही लावत न्हाईत का?"

"लावतो की."

"मंग दे."

दारावरची नावाची पाटी वाचूनच त्या आल्या होत्या, हे मला पुढं कळलं. मी चमचाभर विरजण वाटीत घातलं. भर दुपारी, सगळ्या ओट्यांवरून दिसेल अशी ती वाटी तळहातावर धरून त्या आपल्या घरात गेल्या. संध्याकाळी नळावर कुणीतरी विचारलंच. काकू घागर लावत म्हणाल्या, "दही लय गोड हाय तिचं. तुमी न्हाई खाल्लं अजून?"

काही दिवसांनी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. फळीवर दह्याचं गाडगं, शेजारी ताकाचं, पलीकडे साखरेचा भरलेला डबा. दह्याचं गाडगं ट्रकमधून भरलेलंच आणलं होतं, हे काकू सहज बोलून गेल्या. माझं डोकं फिरलं. "तुमच्या घरी दही होतं तर माझ्याकडं कशाला आलात? दया आली म्हणून?"

काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "दया आली असती तर दिलं नसतं का काही? मागितलं कामून?" भाकरी तव्यावर टाकून त्यांनी पाण्याचा हात फिरवला. "हे बघ, मी तुला लुगडं दिलं तर तू मला नमस्कार करशील, आन् उद्या मी दिसले की रस्ता बदलशील. पण तू मला विरजण दिलंस ना? दुसऱ्या दिवशी तूच विचारायला आलीस, काकू, दही लागलं का म्हणून. आलीस का न्हाई?"

आले होते. एवढंच नाही, सकाळी उठल्यापासून ते विरजण लागलं असेल का, याचाच विचार करत होते.

काकूंचं सगळं शास्त्र एवढंच होतं. माणसाला माणूस आवडतो तो त्याच्याकडून काही मिळतं म्हणून नाही, त्याला आपलं काहीतरी लागतं म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत. कॉलनीत नवी माणसं आली की या आधी काहीतरी मागून यायच्या आणि मग त्या घरची हकिकत आम्हाला कळायची. एकदा शेजारी एक नवं जोडपं आलं. मुलगी झरीकडची, लाजाळू, नवरा अबोल. दोघं एका घरात राहायची, पण दोन भाडेकरूंसारखी. ती काकूंपाशी येऊन रडली. काकूंनी तिला उपाय सांगितला, "त्याला सुई ओवायला सांग."

"पण मला ओवता येते की."

"ते त्याला कामून सांगायलीस?"

रोज संध्याकाळी तो गडी कामावरून आला की खिडकीपाशी उभा राहून सुई ओवायचा. दोरा ओला करायचा, डोळा मिटायचा, चुकायचा. ती हसायची. मग तो मुद्दाम चुकायला लागला. पुढच्या वर्षी काकू त्या जोडप्याच्या मुलीच्या बारशाला जाऊन आल्या, आणि येताना पाळण्याच्या दोऱ्या मागून आणल्या. काकूंच्या घरी पाळणा कशाला लागत होता, ते त्यांनाच ठाऊक.

मग ठराव झाला, आणि मराठवाडा पेटला. माझं माहेर पूर्णेच्या काठचं एक लहान गाव. त्याचं नाव मी सांगत नाही. तिथं आता आमचं कुणी नाही. वस्तीतली घरं जाळली. आमचंही गेलं. भाऊ आईला घेऊन शेतांमधून चालत, मग मिळेल त्या गाडीनं येलदरीला आला. आईच्या अंगावरचं लुगडं तेवढं राहिलं होतं. ती आली, भिंतीला टेकून बसली आणि बोलायची थांबली. पुढ्यात ताट ठेवलं तरी हात लावेना. कॉलनीत कुणी आम्हाला वाईट बोललं नाही, पण कुणी आलंही नाही. काहींना भीती होती, काहींना काय बोलावं ते कळत नव्हतं. फराळाची ताटं देणारे हात आता दारं लोटून घेत होते. यांची ड्युटी चालूच होती. हे घरी येईपर्यंत मी कडी काढत नसे.

अशात काकू आल्या. या वेळी हातात वाटी नव्हती, काखेत जुन्या लुगड्यांचं गाठोडं होतं. मी दारातच त्यांना अडवलं. "काकू, आज काही मागू नका. माझ्या आईकडं आता द्यायला काहीच राहिलेलं नाही."

त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि आईसमोर जमिनीवर बसल्या. "इहीणबाई," त्या म्हणाल्या. आईनं मान वर केली. कुणा परक्या जातीच्या बाईनं तिला आजवर असं म्हटलं नव्हतं. "इहीणबाई, मला एक वाकळ शिवायचीय. माझा टाका सरळ येत न्हाई. तुमी जरा येता का ओट्यावर?"

आईनं हात पुढं करून गाठोड्यातलं एक लुगडं ओढलं, कापड चाचपलं, आणि आल्यापासूनचं पहिलं वाक्य बोलली, "हे इरलंय. मधी घालावं लागंल."

दोघी ओट्यावर बसल्या. आतल्या खोलीत नाही, ओट्यावर, सगळ्या कॉलनीला दिसेल असं. शिवता शिवता आई बोलायला लागली. कोण आलं, काय पेटलं, दावणीच्या शेळ्या सोडायच्या राहिल्या, त्या कशा ओरडत होत्या. काकू नुसत्या दोरा ओढत होत्या. आईचं रडून झालं तेव्हा तिची नजर काकूंच्या बाजूला गेली. "बाई, तुमचा टाका तर माझ्यापरीस सरळ हाय."

"आसंल," काकू म्हणाल्या. "पण एवढी मोठी वाकळ एकटीनं कशी शिवू?"

दुसऱ्या दिवशी सुई ओवायला सांगणारी ती झरीची मुलगी जुनं लुगडं घेऊन आली. मग आणखी एकजण. सगळ्या आल्या नाहीत. काही घरं आमच्याशी शेवटपर्यंत परकीच राहिली. पण आई जेवायला लागली, आणि भाऊ परत निघाला तेव्हा ती म्हणाली, "मी ऱ्हाते इथं. वाकळ व्हायचीय अजून."

फोरमन काका निवृत्त झाले आणि काकू मुलाकडं सेलूला गेल्या. काका फार दिवस जगले नाहीत. काकूंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की मला सेलूची एक दुपार आठवते. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटायच्या थोडं आधीची.

कापसाच्या बाजारामागं मुलाचं घर होतं. मी अचानकच गेले. सून चांगली होती, लगबगीनं चहाला लागली. काकू खाटेवर बसलेल्या. मी अगदी जवळ जाईपर्यंत त्यांनी मला ओळखलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. चोळीची गुंडी चुकीच्या काजात गेलेली, केसांचा गुंता झालेला.

"कधीपासून असं आहे? मुलाला सांगितलं नाहीत?"

"कशाला? त्याला कामं हायत."

"सुनेला तरी?"

काकूंनी माझा हात चाचपला. मग हळूच म्हणाल्या, "शोभा, घरात जिन्नस असला की मागायला काही वाटत न्हाई गं. आता खरंच लागायलंय, तर जीभच उचलंना."

मी चहाचे कप ठेवायला आत गेले, तर सून चुलीपाशी डोळे पुसत होती. म्हणाली, "ताई, त्यांना मी आवडत न्हाई. इतकी वर्षं झाली, कधी पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला न्हाई मला. चाचपडत उठतात, आपलं आपण घेतात. मी पुढं झाले तर म्हणतात, ऱ्हाऊ दे."

मी बाहेर येऊन ते जसंच्या तसं काकूंना सांगितलं. त्या मांडीवरचे हात चोळत राहिल्या. सगळ्या कॉलनीला ज्यांनी हे शिकवलं, त्यांना आपल्याच घरात ते सुचलं नव्हतं. मला वाटलं, आता हसतील. त्या हसल्या नाहीत.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. आवाज चोरट्यासारखा निघाला. सून दारात येऊन उभी राहिली. "मला दिसंना झालंय गं. माझी वेणी घालतीस का?"

सून धावत जाऊन तेलाची बाटली आणि फणी घेऊन आली, खाटेवर त्यांच्या मागं बसली, आणि केसांना हात लावता लावताच रागावायला लागली, "किती गुंता करून घेतलाय! सांगता येत न्हाई का? उद्याच परभणीला डोळे दाखवायला जायचं. गप बसा, हलू नका." काकू मान खाली घालून ते सगळं ऐकून घेत होत्या. पांढरे केस तिनं एकेक बट करून सोडवले, तेल जिरवलं, पुन्हा विंचरले, आणि बोलणं काही थांबेना. मधेच दोघी कशावर तरी हसल्या.

माझ्या जिंतूरच्या गाडीची वेळ झाली. मी उठून पिशवी घेतली, येते म्हणाले. दोघींपैकी कुणीही मला थांब म्हणालं नाही.