बोर्मा म्हणजे काय?

"मॅडम, माका शून्य मार्क इले!"

श्रद्धाने मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. साडेतीन वाजले होते. असाइनमेंट सुधारून पाठवायची मुदत साडेपाचला संपत होती.

मी कसालजवळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. परदेशी विद्यापीठांच्या मोफत ऑनलाइन कोर्सचं कामही माझ्याच गळ्यात आहे. 'फूड सेफ्टी'च्या कोर्सला आम्ही चाळीस जणांची नावं घातली. पाचव्या आठवड्यात तिघीच उरल्या. व्हिडिओतलं इंग्रजी भरधाव, घरी रेंज नाही, आणि अडलं तर विचारायचं कुणाला? त्यातली श्रद्धा आमची माजी विद्यार्थिनी, काजू कारखान्यात कामाला. पास झाली तर तिथेच तिला क्वालिटी चेकरची जागा मिळणार होती.

"ह्या तपासल्यान कोणी?" तिने विचारलं.

अशा कोर्सला जगभरातून हजारो लोक असतात. इतके पेपर तपासायला शिक्षक कुठून आणणार? म्हणून विद्यार्थीच एकमेकांचे तपासतात. त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. श्रद्धाला शून्य देणारा कोण, कुठला, कळायला मार्ग नव्हता. शेरा एवढाच, की काही समजत नाही.

मी तिचा मजकूर उघडला. पहिल्याच ओळीत बोर्मा.

"श्रद्धा, बोर्मा म्हणजे काय, तां खंय लिवलंस?"

"बोर्मा कोणाक म्हायत नाय?"

बोर्मा म्हणजे काजूगर वाळवायची गरम हवेची भट्टी. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. त्या तपासणाऱ्याने बहुतेक काजूचं झाडही पाहिलं नसेल.

आम्ही नव्याने लिहायला बसलो. तेवढ्यात प्राचार्य आले.

"मॅडम, रिपोर्ट आज द्यायचाय. सर्टिफिकेटं चाळीस होतील ना?"

"सर, तीन झाली तरी पुष्कळ."

"असं लिहू नका हो!"

ते गेले. माझं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. पाच वीसला फाइल चढवायला घेतली आणि नेट गेलं. मोबाइल घेऊन जिन्यावर पळालो. पाच सत्तावीसला एकदाची गेली.

पण काम संपलं नव्हतं. सुधारलेल्या पेपरचे मार्क दिसायला आधी पुन्हा दुसऱ्या तिघांचे पेपर तपासावे लागतात. तिसरा पेपर कुठल्याशा कंदाच्या पिठाबद्दल होता. निम्मे शब्द डिक्शनरीतही सापडेनात.

"माका ह्यातला कायेक समाजला नाय," म्हणत तिने शून्यावर बोट नेलं.

पण बोट तिथेच थांबलं.

"माझ्यासारकीच कोणतरी आसतली, मॅडम."

तिने पेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. दहापैकी सहा मार्क दिले आणि शेऱ्यात न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारले.

आठवड्याने तिला सात मिळाले. श्रद्धा आता क्वालिटी चेकर आहे. तिघींपैकी दोघी पास झाल्या. रिपोर्टात 'उत्तम प्रतिसाद' असं गेलं.

कोर्स फुकट मिळतो, शेजारी बसणारं माणूस त्यात येत नाही. म्हणून हल्ली मी सहाच नावं घेते. माझ्या टेबलाभोवती तेवढ्याच खुर्च्या मावतात.